चक्क्याच्या गाडीचा एसी

१२ एप्रिल २००४, सोमवार. काम नेहमीचंच होतं. पहाटे टांगलेली चक्क्याची फडकी उतरवायची, घट्ट झालेला चक्का स्टीलच्या डब्यांत भरायचा, डबे गाडीच्या मागच्या सीटवर ओल्या गोणपाटात बसवायचे आणि ऊन ऐन डोक्यावर असताना लोणीहून मंचरला निघायचं.

त्या दिवशी निरगुडसर मागे पडेपर्यंत एसीच्या झरोक्यांतून चुलीपुढे बसल्यासारखी हवा यायला लागली. मी बटण चारपर्यंत फिरवलं. आवाज वाढला, हवा तीच. काचा खाली केल्या तर झळ आणि फुफाटा आत, वर केल्या तर आतल्या आत उकडून निघायचं. मी काचा वर ठेवल्या आणि गाडी पळवली. दुसरं काय करणार?

मंचरच्या शेठजींचं मिठाईचं दुकान बाजारपेठेत आहे. घराणं मूळचं राजस्थानचं, जैन, पण शेठजी बोलतात आपल्यासारखंच. त्यांनी डब्याचं झाकण काढलं, करंगळीच्या टोकावर चक्का घेतला, जिभेला लावला आणि माझ्याकडे न बघता झाकण परत बसवलं.

"ताई, आंबला."

"आंबला नाही, थोडा आंबूस आहे. साखर पडली की कळणारही नाही."

"मला कळला ना? मग गिऱ्हाइकाला काय जीभ नाय?" त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "बघा, आखाजीला आमच्या पुतणीचं लग्न आहे. श्रीखंडाला तुमचाच चक्का पायजे म्हणून मी घरात सगळ्यांशी भांडलोय. त्या दिवशी जर असा आला, तर पुण्याच्या डेअरीतून मागवीन. आणि एकदा तिकडनं सुरू झालं की मग तेच चालू राहणार. राग नका मानू."

"राग कशाचा? त्या दिवशी असा येणार नाही."

बोलून तर बसले. अक्षयतृतीया दहा दिवसांवर होती.

चक्का भर दुपारीच का न्यायचा, हे मला गावातले लोक नेहमी विचारत. त्याचं कारण शेठजींच्या घरच्या रीतीत होतं. रात्र उलटलेला चक्का त्यांना चालत नाही आणि त्यांचं जेवण सूर्य मावळायच्या आत उरकतं. म्हणजे चक्का पहाटे टांगायचा, दुपारी उतरवायचा, त्याच दुपारी पोचवायचा, संध्याकाळच्या आत त्याचं श्रीखंड होऊन ते पानात पडायचं. रस्त्यावरच्या हॉटेलांना मी सकाळच्या गारव्यात माल देत असे, त्यांची काही कटकट नव्हती. पण माझ्या मालातला निम्म्याहून जास्त माल शेठजी घेत. ते आणि त्यांच्या ओळखीची घरं. ते गेले असते तर माझा धंदा हॉटेलच्या मागच्या दारापुरता उरला असता.

हा धंदा मी उभा केलेला. ९४ साली दोन म्हशींच्या दुधावर सुरुवात केली, तेव्हा डबा मांडीवर घेऊन एसटीने जात होते. कंडक्टर म्हणायचा, "मावशी, डब्याचं पण तिकीट काढा." मी म्हणायचे, "त्याला सीट द्या, मग काढते." पुढे निरगुडसरच्या चार बायका मला दूध घालायला लागल्या आणि एसटीने भागेना. ९८ साली जुन्नरच्या एका डॉक्टरांची जुनी पांढरी डिझेल गाडी विकायची आहे असं कळलं. डॉक्टरांनी तिला हौसेनं एसी बसवून घेतला होता. मी ती गाडी त्या एसीसाठी घेतली. गाडी चालवायला मी मंचरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले. आमच्या मालकांकडून शिकले असते तर संसार मोडला असता.

आणि पहिल्या दिवसापासून लोकांना सांगत आले की एसी माझ्यासाठी नाही, चक्क्यासाठी आहे. निरगुडसरच्या स्टँडवर चिंचेखाली बसलेली मंडळी काचा वर केलेली गाडी बघून ओरडायची, "म्हशी उन्हात आन् मालकीण थंडाईत!" घरी ठरून गेलं होतं: जाताना एसी चालू, येताना बंद. डिझेल कशाला जाळायचं? रिकाम्या डब्यांना कसली आलीय थंडी? हे मालक म्हणाले होते आणि मलाही तेव्हा बरोबर वाटलं होतं.

तर त्या सोमवारी मी आंबूस चक्का घेऊन परत आले. ओट्यावर मालक, धाकटे दीर आणि सासूबाई बसले होते. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. डबे भरलेलेच उतरवताना बघितल्यावर काय झालं ते वेगळं सांगावं लागलं नाही.

"मी कवाचा सांगतोय," दीर म्हणाले. "त्या म्हाताऱ्या गाडीत काय राम न्हाई. फुकून टाका तिला. माझा टेम्पो हाय. बर्फाच्या लाद्या टाकायच्या, वर डबे, मी नेऊन देत जाईन. वैनींना उन्हातान्हात हिंडायची गरजच न्हाई."

"बर्फाचं पाणी डब्यात गेलं म्हणजे?" मी विचारलं.

"झाकणं घट्ट लावायची."

"आणि शेठजींशी बोलणार कोण? भाव कोण ठरवणार?"

"मीच बोलंन की. बाप्या मानसाचं बोलणं वायलं असतं, वैनी."

मालकांनी मान तेवढी हलवली, आणि कुणीकडे हलवली ते मला दिसलं. टेम्पो गेला की शेठजी दिरांचे होणार, शेठजी दिरांचे झाले की चक्काही दिरांचा होणार आणि मी घरात फडकी धुणार. एवढं सगळं त्या हललेल्या मानेत होतं.

"आखाजीपर्यंत गाडी कुणी विकायची नाही," मी म्हणाले. "आखाजीला चक्का मी नेणार. तो आंबला तर टेम्पोला मी स्वतः हार घालीन."

"आमी घेऊ हार आनून," दीर म्हणाले आणि हसले.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन नारायणगावला गेले. तिथे हायवेला लागून एक एसीवाला फिटर होता. द्राक्षवाल्यांच्या आणि टोमॅटोवाल्यांच्या गाड्या असायच्या त्याच्याकडे. पाडव्याच्या आधी त्याच्याकडूनच मी गॅस भरून घेतला होता. त्याने बोनेट उघडलं, पाइपांना हात लावून बघितला आणि म्हणाला, "गॅस गेलाय, वैनी. भरून देतो."

"महिनाच झाला भरून. गेला कुठं?"

"जुनी गाडी. रबरं कडक झाल्यात. आन् ह्यो जुना गॅस आता मिळंना झालाय. नव्या गाड्यांना नवा गॅस. जुन्याचा एखादा डबा कुठं दडवून ठेवलेला असंल तर घावतो." मग जरा जवळ येऊन म्हणाला, "दुसरा एक उपाय हाय. घरचा शेगडीचा गॅस भरून देतो. लई गार पडतंय. लई जन भरत्यात."

"स्वयंपाकाचा गॅस? गाडीत?"

"व्हय की."

"मी बंद काचांत बसते. पाइप सुटला आणि कुणी बिडी पेटवली, तर चक्क्याबरोबर माझंही श्रीखंड होईल. नको."

तो हसला. पोटतिडकीने सांगत होता असं नाही, गिऱ्हाइकाला परवडेल ते सुचवत होता. शेवटी त्याने ठेवणीतल्या डब्यातला जुना गॅस थोडा भरला. गाडी निघाली तेव्हा हवा गार होती. कळंबच्या पुलापर्यंत गारच होती. मंचरच्या चौकात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमागे अडकले आणि इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला. बोनेटखाली खट् असा आवाज झाला आणि हवा कोमट. ट्रॉल्या हलल्या, मी गाडी मोकळ्या रस्त्याला लावली, तर थोड्या वेळाने पुन्हा खट् आणि पुन्हा गार.

घरी येईपर्यंत मी याच्यावर विचार करत होते. गॅस गेला असेल तर तो चालत्या गाडीत परत कुठून येतो? आणि सकाळी हॉटेलांच्या फेरीला, गारव्यात, कधीच तक्रार नसते. दुपारी उन्हात तक्रार सुरू, आणि गाडी उभी राहिली की मरण.

त्याच दिवशी संध्याकाळी मी चक्क्याची फडकी धूत होते. एक फडकं असं होतं की त्यातून पाणीच निथळेना. जुनं झालं की फडक्याच्या विणीत दुधाचा साका बसतो, भोकं बुजतात. मग दही कितीही चांगलं लागलेलं असो, पाणी सुटत नाही, गाठोडं तसंच लिबलिबीत राहतं. नवशिकी बाई विरजणाला दोष देते. दोष फडक्याचा असतो. मी ते फडकं उजेडासमोर धरलं. आरपार काही दिसेना.

तशीच ओल्या हाताने उठले, बॅटरी घेतली आणि गाडीपुढे उकिडवी बसले. पुढच्या प्लास्टिकच्या तोंडामागे एसीची जाळी असते. बारीक पत्र्याच्या चुण्याचुण्यांची. फिटरच्या तोंडून ऐकलं होतं की आतली सगळी उष्णता त्या जाळीतून बाहेर पडते. मी बॅटरी लावली. जाळीतून मागचं काही दिसेना. चुण्या उभ्या असायला हव्यात, त्या सगळ्या एका बाजूला लोळलेल्या होत्या, वादळात ज्वारी आडवी पडावी तशा. आणि लोळल्या होत्या त्याही पट्ट्यापट्ट्यांनी. कुणीतरी वरून खाली, वरून खाली झाडू फिरवावा तसे पट्टे.

झाडू कुणाचा हे मला लगेच कळलं.

आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा असते. पूजेच्या आधी ती धुवायची आणि ते काम मालकांचं. बादली-फडक्याने धुणं त्यांना कमीपणाचं वाटतं. ट्रॅक्टरला डाळिंबाच्या फवारणीचा पंप जोडायचा, हातात बंदूक घ्यायची आणि शंभर पावलांवरून ऐकू जाईल अशा दाबाने पाणी मारायचं. चाकं, मडगार्ड आणि मग तोंड. "तोंड सोच्छ पायजे, हार तिथं घालायचा असतो," असं म्हणून तोंडावर सगळ्यात जास्त वेळ. गाडी घेतल्यापासून दरवर्षी. शेजारचे लोक आपापल्या गाड्या घेऊन यायचे, त्यांच्याही धुऊन द्यायचे. माझ्या मते आमच्या आळीत त्या काळी एकाही गाडीचा एसी धड नसणार, पण बाकी कुणाच्या गाडीला एसी नव्हताच, म्हणून ते उघडकीला आलं नाही.

मी मालकांना बोलावून दाखवलं.

"माझ्या धुन्यानं?" ते म्हणाले. "पान्यानं कुठं पत्रा वाकतो का?"

"तुमच्या पंपाचं पाणी झाडाच्या शेंड्यापर्यंत जातं. हा पत्रा चांदीच्या वर्खाएवढा आहे."

"मंग त्या डॉक्टरानंच वाकवला असंल."

"डॉक्टरांकडे डाळिंब होतं का?"

यावर ते उठून गोठ्यात गेले. म्हशीला आधीच वैरण घातलेली होती, तरी पुन्हा घातली.

जाळी बदलावी असं आधी डोक्यात आलं. पण जुन्या गाडीची जाळी पुण्याहून मागवायची म्हणजे आखाजी निघून जाणार. चुण्या वाकल्यात, तुटलेल्या नाहीत. मग सरळ करायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारची फेरी नव्हती, कारण शेठजींनी लग्नापर्यंत माल थांबवायला सांगितला होता. मी पान्याने गाडीचं तोंड उघडून बाजूला ठेवलं आणि पोती शिवायच्या दाभणाने एकेक चुणी उचलायला घेतली. दाभण फार टोकदार, एक-दोनदा आतल्या नळीला टेकलं. नळी फुटली की खेळ खलास. मग घरात गेले आणि आत्यांच्या फडताळातून उवा काढायची फणी आणली. लाकडी, दोन्हीकडून बारीक दातांची. चुण्यांमधलं अंतर आणि फणीच्या दातांमधलं अंतर, बघून बनवल्यासारखं बसलं. पाणी शिंपडायचं, फणी वरच्या टोकाला घालायची आणि न ओढता, न दाबता, हळूहळू खाली आणायची. गुंता सोडवतो तशीच. फणीच्या दातांतून माती, मेलेले किडे, झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या निघायला लागल्या. सगळे दसरे एकेक करून बाहेर आले.

रस्त्यावरून जाणारे थांबायला लागले.

"काय वैनी, गाडीला उवा झाल्यात व्हय?"

"झाल्यात. तुमच्या गाडीच्या आल्यात चढून. दसऱ्याला शेजारी उभी केली होती ना."

"लिखा पन काढा, लिखा!"

"काढते. तुम्ही बसा खाली, तुमच्यापासून सुरुवात करते."

दीर टेम्पोतून उतरून दोनदा बघून गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "फनीनं एसी दुरुस्त झाला तर मी मिशी काढंन." मी म्हटलं, "तीही फणीनेच काढू." आत्या मात्र ओट्यावरून एवढंच म्हणाल्या, "माजी फनी धुऊन ठिव."

दोन दुपारी गेल्या त्या जाळीत. बोटांना पत्रे लागून चिरा पडल्या. त्या हाताने दही लावता येईना, म्हणून विरजण लावायला आत्यांना बसवलं. पण शेवटी बॅटरी लावली तेव्हा जाळीतून मागचा पंखा दिसला.

मग पुन्हा नारायणगाव. फिटरने जाळी बघितली, बोट फिरवलं आणि त्याला ते पटलं. तो डोक्याला हात लावून म्हणाला, "म्हंजे मी आपला गॅसवर गॅस वाढवत गेलो. जाळी बंद, वरनं गॅस जास्त. दाब वाढनारच. म्हनून तर कॉम्प्रेसर खटकून बंद पडत व्हता." आपलं चुकलं हे त्याने तिथल्या तिथे मान्य केलं, मला ते आवडलं. आमच्या घरी अजून गोठ्यातच तोंड लपवणं चाललं होतं.

पण मला तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. जुना गॅस मिळेनासा झाला होता. आज काढलेला पाय उद्या पुन्हा तिथेच अडकणार. मी म्हणाले, "आता नवा गॅस करून टाक."

"करतो की. जुना काढतो, नवा सोडतो. चहा पिऊन येस्तवर गाडी तयार."

"आणि आतलं तेल? रबरं? जाळीशेजारची ती बाटली?"

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "तुमाला कुनी सांगितलं?"

"तूच मागच्या खेपेला म्हणालास, जुनी गाडी जुना गॅस, नवी गाडी नवा गॅस. का, ते आता सांग."

मग त्याने सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. नव्या गॅसला जुनं तेल चालत नाही. दोन्हींचं जमत नाही, मग कॉम्प्रेसर कोरडा फिरतो आणि एक दिवस जाम होतो. रबराच्या कड्याही नव्या लागतात. ओलावा शोषणारी ड्रायरची बाटली तर बदललीच पाहिजे. "पन लोक एवढं करत न्हाईत, वैनी. नुसता गॅस बदला म्हनत्यात. वरीसभर चालतंय."

"माझ्याकडे विरजण बदलायचं असलं की मी आधी भांडं चुन्याच्या निवळीने धुते. जुन्या भांड्यात नवं विरजण घातलं तर दोन्हींची वाट लागते. तू सगळं काढ, आतून धू, आणि मग नवं भर. मी इथेच बसते."

"दिवस जाईल."

"जाऊ दे."

टायरवर बसून राहिले. द्राक्षवाले येत होते, जात होते, एक बाई गॅरेजमध्ये टायरवर बसून काय करतेय म्हणून बघत होते. एकाने फिटरला हळूच विचारलं, "साहेब कुठं गेलेत?" फिटर पाइप खोलता खोलता म्हणाला, "ह्याच साहेब हायेत."

पंख्याची गोष्ट त्याच्या डोक्यातली. गाडी उभी असताना जाळीला वारा इंजिनच्या पंख्यापुरताच मिळतो. तो म्हणाला, जाळीच्या पुढे एक विजेचा पंखा बसवू, एसी चालू झाला की तोही सुरू होईल. बाजारात अडकलात तरी फिकीर नको. एका अपघातातल्या गाडीचा चांगला पंखा त्याच्याकडे पडून होता. तो त्याने बसवला, वायर ओढली, चालू केला. आणि पंख्याने वारा जाळीकडे फेकायच्या ऐवजी माझ्या तोंडावर फेकला. वायरी उलट्या लागल्या होत्या. त्याने जीभ चावली, वायरी बदलल्या. संध्याकाळी एसी सुरू केला तेव्हा माझ्या चिरा पडलेल्या बोटांना गार हवेने झोंबलं. बरं वाटलं.

आखाजीच्या दिवशी चक्का पहाटे टांगला. दुपारी डबे भरले. दरवेळेपेक्षा दुप्पट डबे होते, मागची सीट भरून एक मोठा डबा उरला. आत्या म्हणाल्या, "मी बसते फुडं मांडीवर घिऊन." त्यांना लग्नही बघायचं होतं, मला माहीत होतं. दीर टेम्पोला टेकून उभे होते. टेम्पोत बर्फाच्या लाद्या तयार होत्या, वर पोतं झाकलेलं. म्हणाले, "माघारी आल्या तर आवाज द्या."

निरगुडसरला चिंचेखालच्या मंडळींनी हात केले. मी हॉर्न दिला. मंचरला शिरले आणि ज्याची भीती होती तेच झालं. सणाचा दिवस, आंब्याच्या हातगाड्या रस्त्याच्या मधोमध, दोन लग्नांच्या जीपगाड्या समोरासमोर आणि कुणीच मागे घ्यायला तयार नाही. गाडी उभी राहिली. मी काट्याकडे बघत होते. काटा थोडा चढला आणि थांबला. पुढचा पंखा घोंगावत होता. बोनेटखालच्या आवाजाची वाट बघत मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटाची एक चीर पुन्हा उघडली. खट् काही झालं नाही. आत्यांनी पदर कानावरून घेतला.

"अगं, हुडहुडी भरली मला. ह्यो असाच असतो रोज?"

"असाच असायला पाहिजे होता."

शेठजी मांडवाच्या दारातच उभे होते. सफारीवर अत्तर मारलेलं. डबा उघडला, करंगळी, जीभ. मग दुसरा डबा उघडला. मग आत्यांच्या मांडीवरचा. तिन्ही झाल्यावर आत आचाऱ्याला हाक मारून म्हणाले, "घ्या रे, साखर काढा." आणि माझ्याकडे वळले. "ताई, आता पावसाळ्यापर्यंत माझी लग्नं तुमच्याकडे. पुण्याला मी कळवून टाकतो. बाकी तुमची गाडी लई गार झाली बघा. डबा हाताला बर्फासारखा लागला. चक्क्याचं नशीब."

आम्ही मांडवात पंगतीला बसलो, सूर्य मावळायच्या आत जेवलो आणि निघालो. गावाबाहेर पडल्यावर माझा हात आपसूक बटणाकडे गेला आणि एसी बंद केला. काचा खाली केल्या. गरम वारा, उसाच्या गाड्यांनी उडवलेली धूळ, आत्यांच्या जरीच्या लुगड्यावर धूळ.

"बंद का केलास?" त्यांनी विचारलं.

"आता चक्का नाही ना, आत्या."

"मंग आपुन कोन? रिकामे डबे?"

सहा वर्षं मी दुपारी दोन तास गाडी चालवत होते, त्यातला एक तास घामाने निथळत, आणि हा हिशोब मी कधी मांडलाच नव्हता. उलट प्रत्येकाला, न विचारता, सांगत फिरत होते की एसी माझ्यासाठी नाही. जणू माझ्यासाठी असता तर चोरी झाली असती.

घरी पोचलो तर दिरांच्या टेम्पोतून बर्फाचं पाणी अंगणभर वाहिलं होतं. मिशी होती तिथेच होती, तो विषय कुणी काढला नाही. मालक जेवताना म्हणाले, "झालं ना मनासारखं? चांगलं झालं. आता चक्का नेताना लावत जा बिनधास्त. येताना बंद ठिवायचा म्हंजे झालं. डिझेल—"

"डिझेल चक्क्याच्या पैशाचं आहे," मी म्हणाले, "आणि चक्का माझा आहे."

ते भाकरी मोडता मोडता थांबले. आत्या आमटी वाढत होत्या. त्यांनी मालकांच्या वाटीत अजून एक पळी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फवारणी पंपाची बंदूक खुंटीवरून काढली आणि माझ्या कपाटात, चक्क्याच्या धुतलेल्या फडक्यांखाली ठेवून कुलूप लावलं. डाळिंबाला लागेल तेव्हा मागून घ्यायची. फणी गरम पाण्याने धुऊन आत्यांच्या फडताळात ठेवली. मग निरगुडसरच्या बायकांचे दुधाचे रिकामे डबे गाडीत टाकले, अंगणातच एसी लावला, काचा वर केल्या, आणि रिकामी गाडी घेऊन निघाले. स्टँडवर चिंचेखालच्या एकाने काच खाली कर अशी खूण केली. मी काच वरच ठेवली, दूध घालणाऱ्या बायकांच्या आळीकडे बोट करून तिकडे चालले एवढं दाखवलं आणि गाडी तशीच पुढे नेली.